संघ बदलणारा खेळाडू वाईट नसतो

काही जण म्हणतात, जो फुटबॉलवाला सारखा संघ बदलतो तो बेइमान. मला हे पटत नाही.

मुंबईचे स्टीव्हन डायस भारताकडून खेळले. ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघात होते. २०१० साली कंपनीने तो संघच बंद केला. मग ते गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेले. २०१४ साली दिल्ली डायनामोजकडून खेळले. पुढे २०१९ साली तो संघही दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेला. आता सांगा, संघच टिकत नाही तर खेळाडूने काय करावे? पोट तर भरावेच लागते.

गुरुजींची बदली होते, तेव्हा आपण त्यांना नावे ठेवतो का? उलट रडतो.

आपल्या गावाजवळ वीटभट्टी आहे. तिथली मुले दिवाळीनंतर येतात आणि पावसाळ्याआधी जातात. काही पोट्टे म्हणतात, "ते त जाणारच हाये, त्यायले टीममंदी कायले घ्याचं?" माझे मत असे की, जितके दिवस तो इथे आहे तितके दिवस तो आपलाच गडी. त्याला खेळू द्या. पालकांनीही आपल्या पोरांना हे सांगावे, ही विनंती.

– इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, जि. नागपूर