इम्पॅक्ट प्लेयर बंद करा : दोन्ही कामं करणाऱ्याच्या पोटावर पाय देणारा नियम

आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे. आयपीएल बघणाऱ्यांनी, पोराला क्रिकेटच्या कोचिंगला घातलेल्या पालकांनी आणि आपल्याकडे माहीम, केळवे, शिरगाव, बोईसरपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण वाचून भांडा.

विषय आहे आयपीएलमधला इम्पॅक्ट प्लेयरचा नियम. 2022 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत तो आधी करून बघितला, 2023 पासून आयपीएलमध्ये आणला. सप्टेंबर 2024 मध्ये बोर्डाने जाहीर केलं की 2025 ते 2027 हे तिन्ही हंगाम तो राहणार. म्हणजे 2027 नंतर ठेवायचा की काढायचा, हे ठरायचं आहे. माझं मत सरळ आहे : काढा. आणि हे मत मी माहीमचा माणूस म्हणून मांडतोय, कारण या नियमाचा फटका कुठल्या जातीच्या खेळाडूला बसतो ते आपल्या गावाला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

ज्यांना नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाणेफेकीच्या वेळी कर्णधार अकरा जणांसोबत आणखी पाच नावं देतो. सामना चालू असताना त्यातला एक आत येतो आणि अकरातला एक कायमचा बाहेर जातो. आत आलेला गडी पूर्ण फलंदाजी करू शकतो, चारच्या चार षटकं टाकू शकतो. अकरात चार परदेशी असतील तर आत येणारा भारतीयच हवा. कागदावर संघ अकराचा, पण प्रत्यक्षात बाराचा. पहिली फलंदाजी असेल तर एक फलंदाज जास्त खेळवायचा आणि नंतर त्याला बसवून गोलंदाज आणायचा. दुसरी फलंदाजी असेल तर उलटं करायचं.

आता सांगा, या हिशेबात थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्याला कोण विचारणार? क्रिकेटमध्ये अष्टपैलूला किंमत का होती? कारण जागा अकराच. सहा फलंदाज घेतले तर गोलंदाज कमी पडतो, सहा गोलंदाज घेतले तर फलंदाजी तोकडी पडते. ती ओढाताण सोडवणारा माणूस म्हणजे अष्टपैलू. ओढाताणच नियमाने काढून टाकली की त्या माणसाची गरजही संपली.

आणि आपल्या गावाने देशाला दिलेला माणूस नेमका याच जातीचा आहे. शार्दुल ठाकूर.

त्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरी तिचा या नियमाशी काय संबंध ते सांगतो. पालघरहून मुंबई म्हणजे नव्वद किलोमीटरच्या आसपास. त्याच्या लहानपणी डहाणू लोकलसुद्धा नव्हती, ती आली 2013 मध्ये. किट खांद्यावर टाकून त्या गर्दीतून जाणारं पोर. हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले ते शाळेच्या संघातून, आणि पुढे नाव झालं ते वेगवान गोलंदाज म्हणून. दिनेश लाड सरांनी बोरिवलीच्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. समजा त्या वयात त्याला कुणी म्हणालं असतं, ‘बॅट ठेव, तू फक्त बॉलिंग कर, बॅटिंगला आपल्याकडे वेगळा माणूस आहे,’ तर?

तर जानेवारी 2021 चं ब्रिस्बेन झालं नसतं. 6 बाद 186 वरून शार्दुल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या विकेटसाठी 123 धावा जोडल्या. शार्दुलच्या 67. वर त्याच सामन्यात सात विकेट. त्याच वर्षी ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं, 57 आणि 60. पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत 7 बळी. हे सगळं एकाच माणसाने केलं. फलंदाजीला एक आणि गोलंदाजीला दुसरा, अशी सोय कसोटीत नसते.

आपल्या मुंबईच्या रणजी संघाचंही बघा. 2024 चा हंगाम. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी दोघांनीही शतकं ठोकली. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध 7 बाद 106 अशी दाणादाण उडालेली असताना शार्दुलने 109 काढल्या. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध पुन्हा पहिल्या डावात 75. मुंबईने बेचाळीसाव्यांदा रणजी जिंकली. ज्याला मुंबईचं खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच. शेपटालाही दात असतात. इम्पॅक्ट प्लेयरच्या संघात शेपूट असतं कुठे? आठव्या क्रमांकापर्यंत नुसते ठोकणारे. त्यामुळे पहिल्या चेंडूपासून बेधडक मारलं तरी फिकीर नाही, बाद झाला तर मागे रांग उभी आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आयपीएलमध्ये 2013 चा बंगळुरूचा 263 हा विक्रम दहा वर्षं टिकला होता. 2024 च्या एकाच हंगामात हैदराबादने आधी 277 आणि मग 287 केल्या. पंजाबने कोलकात्याविरुद्ध 262 चा पाठलाग करून दाखवला, तोही आठ चेंडू राखून. खेळपट्ट्या पाटा आहेत, बॅटी जाड झाल्या आहेत, पोरांची ताकदही वाढली आहे, हे सगळं मान्य. सगळं पाप एका नियमाच्या डोक्यावर घालत नाही. पण फलंदाज बाद व्हायला घाबरेनासा झाला, त्यात या नियमाचा हात आहे, हे नाकारून चालणार नाही.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. एप्रिल 2024 मध्ये रोहित शर्माने उघड सांगितलं की हा नियम त्याला पसंत नाही, कारण शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांच्यासारख्यांना गोलंदाजीच मिळत नाही. विराट कोहलीनेही त्याला दुजोरा दिला. दुबेचंच घ्या. त्या हंगामात चेन्नईने त्याला धावा करायला वापरला, हातात चेंडू जवळपास दिलाच नाही. आणि लगेच जूनमध्ये तो विश्वचषकाला भारताचा अष्टपैलू म्हणून गेला. विश्वचषकात इम्पॅक्ट प्लेयर नसतो! दोन महिने ज्याला गोलंदाजी करू दिली नाही, त्याच्याकडून तिथे षटकं टाकायची अपेक्षा ठेवायची. गॅरेजमध्ये उभी ठेवलेली गाडी एकदम हायवेला काढण्यासारखा प्रकार आहे हा.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. जय शहा तेव्हा म्हणाले होते की प्रत्येक सामन्यात दोन जास्तीच्या भारतीय खेळाडूंना संधी मिळते. खोटं नाही ते. ध्रुव जुरेल 2023 मध्ये इम्पॅक्ट प्लेयर म्हणून उतरला आणि लोकांच्या नजरेत भरला. अश्विनचं म्हणणं होतं की डावपेचांना वाव मिळतो. त्यालाही पुरावा आहे, 2024 च्या क्वालिफायरमध्ये शाहबाज अहमद आयत्या वेळी आत आला आणि राजस्थानचे तीन बळी घेऊन सामना फिरवला. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो एप्रिल 2023 चा ईडन गार्डन्सवरचा सामना. बंगळुरूविरुद्ध कोलकाता 5 बाद 89, आणि आपल्या शार्दुलने 29 चेंडूंत 68 कुटल्या. त्याच सामन्यात सुयश शर्मा नावाचं नवखं पोर इम्पॅक्ट प्लेयर म्हणून आलं आणि तीन बळी घेऊन गेलं. म्हणजे दोघांनाही जागा मिळाली. नियमवाले म्हणतील, बघा, कुणाचं काय बिघडलं?

बिघडतं ते हळूहळू. संधी मिळते खरी, पण कुणाला? एकच काम करणाऱ्याला. संघ बांधणारे लोक लिलावात बसतात तेव्हा त्यांना सातव्या क्रमांकावर तीस धावा आणि तीन षटकं देणारा माणूस नको असतो. त्यांना एक पक्का फलंदाज आणि एक पक्का गोलंदाज हवा असतो, कारण दोघांनाही खेळवायची सोय नियमानेच करून दिली आहे. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात शार्दुलवर एकही बोली लागली नाही. केवळ नियमामुळे असं मी म्हणणार नाही, वय, फॉर्म, किंमत अशी दहा कारणं असतात. पण मग मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनऊने त्याला बोलावलं आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध त्याने 34 धावांत 4 बळी घेतले. पुढे 2026 च्या हंगामाआधी तो मुंबईकडे आला. माणूस कामाचाच होता. बाजारात त्याच्या जातीची किंमत कमी झाली होती.

जगात हे प्रयोग आधी झालेत. आयसीसीने 2005 मध्ये एकदिवसीय सामन्यांत सुपरसब आणला, वर्षभरही टिकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशने 2020 मध्ये एक्स-फॅक्टर खेळाडू आणला, दोन हंगामांत गुंडाळला. आणि जिथे बदली कायमची रुजली तिथे काय झालं तेही बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्वी तेच अकरा जण हल्लाही करायचे आणि बचावही. 1950 पासून त्यांच्या व्यावसायिक लीगने हव्या तितक्या बदल्या मोकळ्या केल्या. आज तिथे हल्ल्याचा संच वेगळा, बचावाचा वेगळा, लाथ मारायला माणूस वेगळा. चक बेडनारिक नावाचा खेळाडू 1960 च्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंनी जवळजवळ पूर्ण वेळ खेळला, तर आजही त्याला त्या जातीतला शेवटचा म्हणून आठवतात. त्यांचा खेळ त्यांना लखलाभ. आपल्याला कपिल देव आणि रवींद्र जडेजा हवेत की नकोत, एवढंच ठरवायचं आहे.

सगळ्यात मोठी गंमत आपल्या बोर्डाची. नोव्हेंबर 2024 मध्ये याच बोर्डाने सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून हा नियम काढून टाकला. जिथे पोरं घडतात तिथे नको, आणि जिथे पैसा आहे तिथे हवा! चांगला असेल तर दोन्हीकडे ठेवा, वाईट असेल तर दोन्हीकडून काढा. एका घरात दोन चुली कशाला?

खेळाडू जखमी झाला तर बदली द्या, त्याला माझा विरोध नाही. जुलै 2025 मध्ये मँचेस्टरला पायाचं हाड मोडलेला ऋषभ पंत लंगडत फलंदाजीला आला, ते बघून कुणालाही वाटेल की बदली असायला हवी होती. पण दुखापतीची बदली वेगळी आणि धडधाकट माणसाला बसवून दुसरा आणणं वेगळं.

आता आपल्या घरचं. हल्ली आपल्याकडच्या काही आयोजकांनाही हे खूळ लागलंय. ‘आमच्या स्पर्धेत इम्पॅक्ट प्लेयर’ असं बॅनरवर छापलं की भारी वाटतं. बाबांनो, तुमच्या स्पर्धेत येणारं पोर वाडीत काम करून नाहीतर बोईसरच्या एमआयडीसीत पाळी करून येतं. रविवारी चार-सहा षटकांचा सामना. त्यात त्याला चार चेंडू खेळायला आणि एक षटक टाकायला मिळालं तर त्याचा रविवार सार्थकी लागतो. त्यातलं अर्धं तुम्ही बॅनरसाठी काढून घेणार? कोचिंगमध्येही आठवी-नववीच्या पोरांना आत्तापासून ‘तू बॅटर, तू बॉलर’ असे शिक्के मारताना मी ऐकतो. तेरा वर्षांच्या पोराचं काय ठरवताय? या वयात सगळं करू द्या.

माझं म्हणणं तीन वाक्यांत. 2027 नंतर आयपीएलमधून इम्पॅक्ट प्लेयर काढा. तोवर आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही स्पर्धेत तो आणू नका, आणला तर संघांनी एकत्र बसून नाही म्हणा. आणि पालकांनो, कोच तुमच्या पोराला एकच काम धरायला सांगत असेल तर कारण विचारा.

अकरा जणांचा खेळ अकरा जणांनी खेळावा. पटत असेल तर शेअर करा, आणि आपल्या गावच्या आयोजकांना टॅग करायला विसरू नका.