बोटीवरची शिदोरी

आम्हां खानदेशकरांचे पाणी म्हणजे तापी आणि पांझरा. तरी हल्ली जळगाव-धुळ्याची मंडळी मुंबईहून क्रूझवर निघतात, आणि बॅगेत कपड्यांच्या आधी केळीचे वेफर्स, तिखट शेव अन् भाजलेले बिबडे जाऊन बसतात. लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

१८८८ साली विलायतेस निघालेले गांधीजीही घरची मिठाई आणि फळे घेऊनच बोटीवर चढले होते. काटे-चमचे धरण्याचा संकोच, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याची भीड. म्हणून ते खोलीत बसून बहुतेक तेच खात राहिले. शिदोरीने व्रत सांभाळले, पण माणसांपासून दूरही ठेवले.

तेव्हा वाचकहो, शिदोरी जरूर न्या. कंपनीचे नियम मात्र आधी वाचा. घरी शिजवलेले अन्न बहुधा अडवतात, बंद पाकिटे पुष्कळदा चालतात. परक्या देशाच्या बंदरावर फळे खाली नेण्यास अनेकदा मनाई असते. आणि एक पथ्य पाळा. पुडा खोलीत फोडू नका. डेकवर फोडा, अन् शेजारच्या अनोळखी माणसापुढे आधी धरा. तिथे भूक कोणालाच नसते. ओळखीची मात्र असते.