यंत्राचा सूर आणि वीणेचा पहारा

यंत्रातून निघालेल्या सुरात देव नसतो, असा एक नवा सोवळेपणा आमच्या सुशिक्षित वर्गात हल्ली बोकाळला आहे. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील गावी अखंड हरिनाम सप्ताहास सुटीपुरते येणारे आमचे शहरवासी बांधव मंडपात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा दिसताच नाक मुरडतात आणि परंपरा बुडाली म्हणून हळहळतात. ही हळहळ कितपत खरी, हे एकदा तपासून पाहणे अवश्य आहे.

प्रथम परंपरेचेच पाहू. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी ज्या पेटीवाचून आज भजन सहसा उभे राहत नाही, ती मूळची युरोपातील. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव आहेत, अशा कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दार बंद केले. ते किलकिले व्हावयास सुमारे तीन दशके लागली. हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. पण भजनी मंडळी त्याच्या निकालासाठी थांबली नाहीत. त्यांनी पेटीला टाळ-मृदंगाच्या पंक्तीस बसविले आणि आज तीच परंपरा ठरली. तस्मात् वाद्याचे कूळ विचारून त्याची भक्ती ठरविता येत नाही.

आता वाचकांनी क्षणभर आमच्याबरोबर मुंबईस यावे, कारण हाच वाद तेथे अगदी टोकास गेलेला दिसेल. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे, एक तालाचे, एक खर्जाचे, एक सुरावटीचे. गायक नाही. त्यांवर ललित, भूपाळी, तोडी, मालकंस, बैरागी असे दहा राग. एचएमव्हीने काढलेली ही ध्वनिमुद्रिका खपली नाही आणि विस्मृतीत गेली. २०१० साली हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या १९८७ मधील नव्या नृत्यसंगीताची चाहूल मुंबईत आधीच लागली होती, असा बोलबाला झाला. सिंग २०१५ साली वारले. घरच्या माणसाचे गाणे परक्याने ऐकवावे तेव्हा आम्ही अभिमान धरावा, ही आमची रसिकता!

कोणी म्हणेल, डिस्कोच्या ठेक्यात अध्यात्म कसले? आक्षेपात तथ्य आहे. तो ठेका ललितास आणि मालकंसास एकाच गजाने मोजतो. तबल्याप्रमाणे तो श्वास घेत नाही. परंतु वरचा सूर ऐकावा. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातो; पेटीस जे साधत नाही त्याची छटा येथे सापडते. बैरागीत गंधार व धैवत वर्ज्य करून जे विरक्त रूप उरते, ते या यंत्रांतही विरक्तच राहते. हे यंत्राचे पुण्य नव्हे. त्याच्यामागे जागा राहिलेल्या माणसाचे आहे.

आमचा मुद्दा हाच. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्यापहाऱ्याने माणसे ती गळ्यात घेऊन उभी राहतात. तेथील पावित्र्य तारेत नाही, त्या उभे राहण्यात आहे. डबा सूर देईल, पहारा देणार नाही. म्हणून डब्याने तंबोऱ्याचे काम करावे, यास आमची हरकत नाही. त्याने वीणेकऱ्याची जागा घ्यावी, यास आहे. आणि भिंतीएवढ्या कर्ण्यांतून संतांचे अभंग दणाणत असताना खाली कोणीच ऐकत नसावे, यास तर सर्वाधिक आहे. तो गोंगाट अभंगाचा असला तरी गोंगाटच होय.

शेवटी एक कटू गोष्ट. मध्यरात्रीच्या पहाऱ्यास मावळातल्या या गावांत माणसे कमी पडतात, कारण तरुण पोटासाठी पुण्या-मुंबईस गेले. त्यांत त्यांचा दोष नाही. पण डब्यास नावे ठेवणारे बहुधा त्यांतलेच असतात! अशांस आमची विनंती एवढीच की, पुढील सप्ताहास त्यांनी दोन रात्री मुक्काम करावा आणि पहाटे दोन ते चार वीणा गळ्यात घ्यावी. मग यंत्राविरुद्ध काय बोलावयाचे असेल ते त्यांनी खुशाल बोलावे. आम्ही आदराने ऐकू.