पूर्ववृत्ताची पडताळणी : अधिकार आणि मर्यादा

नोकरीत घेण्यापूर्वी उमेदवाराचे पूर्ववृत्त मुळापासून खणून काढावे, आणि ज्याचे आचरण शुद्ध आहे त्याने अशा चौकशीला भिण्याचे कारण नाही, असा एक पक्ष सध्या सरकारी कचेऱ्यांपासून खाजगी कंपन्यांपर्यंत सर्वत्र मांडला जातो. हा पक्ष सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बनावट पदवीच्या बळावर रुग्णावर शस्त्र चालवू पाहणारा भोंदू किंवा एका पतपेढीत अफरातफर करून दुसरीच्या तिजोरीच्या किल्ल्या मागणारा रोखपाल यांना दारातच अडवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि २०२४ साली बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर शाळांतील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या चारित्र्य पडताळणीची जी मागणी उठली, ती पालकांच्या काळजातून उठलेली होती. वाद आहे तो 'निर्दोषाला भय कशाचे?' या पडताळणीच्या समर्थकांच्या आवडत्या प्रश्नाशी.

निर्दोषाला भय आहे ते दप्तराचे. साक्षांकन नमुन्यात आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांवर कधी खटला भरला होता काय, असे विचारलेले असते, आणि त्या रकान्यात एकदा 'होय' लिहावे लागले की, सोबत निर्दोष मुक्ततेच्या निकालाची नक्कल जोडलेली असली तरी, वाचणाऱ्या अंमलदाराची नजर त्या 'होय'पाशीच अडते. शिवाय दप्तरात काय चढेल हे चढवणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची सरकारी नोकरी, तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या व जनसंघाच्या कार्यात भाग घेत असे एवढ्याच पोलिसी अहवालावरून गेली, आणि हे संविधानाला धरून नाही असे सांगणारा निकाल १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या कपाळावरचा तो शिक्का १९५२ साली कायद्यापुरता पुसला गेला. परंतु गावात चोरी झाली की संशयाने पहिल्याने पारध्यांच्या पालांकडे वळायचे ही वहिवाट सुटलेली नाही, आणि अशा संशयातून निपजलेली नोंद उद्या त्या पालातील मुलाच्या नोकरीच्या आड येऊ शकते.

खाजगी क्षेत्रातील रीत याहून सैल. पडताळणीचा मक्ता घेतलेल्या एजन्सीचा माणूस पूर्वीच्या कंपनीला फोनवर विचारतो, 'यांना पुन्हा घ्याल काय?' तिकडून 'नाही' असे उत्तर आले की, ते गैरवर्तनामुळे आले की थकलेला पगार मागितल्याच्या रागापोटी, हे उमेदवाराला कळतही नाही. त्याच्या हाती ऑफर रद्द झाल्याची ईमेल तेवढी पडते. उलट, जो कधी पकडलाच गेला नाही त्याचा कागद कोराच असतो, आणि दाखल्यावर विसंबून देखरेख सैल सोडणारी संस्था नेमके अशालाच मोकळे रान देते.

मग मर्यादा कोणती? कौटिल्यासारखा पराकाष्ठेचा संशयी राजनीतिज्ञ अमात्यांच्या परीक्षेसाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा, म्हणजे मुद्दाम रचलेल्या कसोट्या, सांगतो खरा. पण अर्थाच्या कसोटीला उतरलेल्याकडे कोश व महसूल, धर्माच्या कसोटीला उतरलेल्याकडे न्यायदान, अशी तो परीक्षेची आणि पदाची सांगड घालतो, आणि परीक्षेच्या भरात निर्मळ माणूस नासवू नये असेही बजावतो. रोखपालाचे आर्थिक व्यवहार, वाहनचालकाचा परवाना, मुलांजवळ वावरणाऱ्याविरुद्ध लैंगिक गुन्हा शाबीत झाला आहे काय, हे अवश्य तपासावे. पण हिशेबनिसाने विद्यार्थिदशेत कोणत्या मोर्चात घोषणा दिल्या याच्याशी खतावणीचा संबंध काय? उमेदवाराने माहिती खरीच दिली पाहिजे, हे ठणकावून सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली, तरुण वयातील घोषणाबाजी किंवा तत्सम क्षुल्लक गुन्हा लपवला गेला असल्यास मालकाला त्याकडे काणाडोळा करता येईल, अशी मुभा ठेवली.

सबब, पदाला लागू असेल तेवढेच विचारावे, जे प्रतिकूल आढळेल ते उमेदवाराला लेखी दाखवावे, आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय करू नये. इतकी सवड कोणाला आहे, असे यावर म्हटले जाईल. परंतु ज्याला परक्याकडून चौकशी करवून घेण्यास सवड सापडते, त्याला एक पत्र धाडून उत्तराची वाट पाहण्यासही ती सापडली पाहिजे. खोटी पदवी दाखवणारा अशा सुनावणीने वाचणार नाही, कारण विद्यापीठाच्या नोंदीपुढे त्याला बोलावयास जागाच उरत नाही. वाचेल तो नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा ज्याच्या माथी बसला आहे असा माणूस, आणि त्याला गमावण्यात नुकसान मालकाचेही आहे.