दोन मिनिटांचे बडोदे

तुमच्या देशात येणाऱ्या परदेशी पाहुण्यास तुम्ही कोणते ठिकाण पाहावयास सुचवाल, हा प्रश्न काही अवघड नाही. चार पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरातील मुलास तो मराठीत विचारला, तर क्षणभर घुटमळून का होईना, काहीतरी स्वतःचे बोलेल. तोच प्रश्न आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या तोंडी भागात विचारला जातो, तेव्हा मात्र त्याच मुलाच्या मुखातून काश्मीर बाहेर पडते. काश्मीर त्याने पाहिलेले नसते. ‘हेवन ऑन अर्थ’, ‘ब्रेथटेकिंग’, ‘सीरीन’, ‘फार फ्रॉम द हसल अँड बसल’ अशी शब्दांची माळ तो न अडखळता जपतो आणि थांबतो. एका शिकवणी वर्गाची टिपणवही अलीकडे आमच्या हाती आली. तीत प्रवास व पर्यटन या एका विषयावर अकरा तयार उत्तरे होती. ठिकाणांची नावे तेवढी निरनिराळी, विशेषणे सर्वत्र तीच. एका जागी तर गावाचे नाव कोरे सोडून पुढे मजकूर दिला होता; ज्याला जे गाव हवे ते त्याने भरून घ्यावे! लग्नपत्रिकेचा छापील नमुना असतो, तसा हा गावाचा नमुना. या पद्धतीस आमचा विरोध आहे.

प्रथम परीक्षेविषयी. ही परीक्षा १९८९ पासून या नावाने घेतली जाते आणि तोंडी भागाची आजची घडी २००१ साली बसली. सारा प्रकार अकरा ते चौदा मिनिटांचा. आरंभी घर, गाव, शिक्षण यांविषयी किरकोळ प्रश्न. मग एक पत्रिका हाती देतात, तिला ‘क्यू कार्ड’ म्हणतात. तयारीस एक मिनिट आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने चार-पाच मिनिटे चर्चा. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार कसोट्यांना सारखे वजन असते. यात आम्हांस अन्यायकारक असे काही दिसत नाही. अनोळखी माणसासमोर आपल्या गावाविषयी दोन मिनिटे बोलता यावे, ही अपेक्षा कोणत्याही भाषेत वाजवीच म्हटली पाहिजे.

यावर वर्गचालकांचे उत्तर ठरलेले असते. परीक्षक भाषा तपासतो, खरेखोटे तपासत नाही. मग मुलाने काश्मीर सांगितले काय आणि बडोदे सांगितले काय, बँड मिळाल्याशी कारण. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. ठिकाणाच्या निवडीला गुण नसतात आणि परीक्षार्थीचे मत चूक की बरोबर हेही पाहिले जात नाही. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे. पाठ केलेले उत्तर कानाला लगेच कळते. वर्षानुवर्षे तेच ऐकणाऱ्या परीक्षकास तर नक्कीच कळते. शिवाय चर्चेची पायरी पुढे असतेच. तेथे एखादा आडवा प्रश्न आला, की ‘सीरीन’नंतर मुलाजवळ शब्द उरत नाही. जे पाहिलेले नाही त्याचा तपशील कोठून आणणार? तपशील नाही म्हणून नाम नाही, क्रियापद नाही, काळ नाही. उरतात ती उसनी विशेषणे. ज्या शब्दसंपत्तीला गुण असतात ती विशेषणांच्या माळेत नसून नेमक्या शब्दांत असते, हे भाषेच्या कोणत्याही शिक्षकास ठाऊक असावयास हवे.

२०२२ साली कॅनडातून अमेरिकेत बेकायदा शिरताना उत्तर गुजरातमधील काही तरुण पकडले गेले. परीक्षेत त्यांना उत्तम बँड मिळालेले होते, पण न्यायालयात त्यांना साधे इंग्रजी बोलता येईना, आणि पुढे चौकशी येथवर आली. तो गुन्ह्याचा प्रकार होता. पाठांतराची तुलना आम्ही त्याच्याशी करीत नाही. पण बँड आणि बोलणे यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

आता आमच्या गावातील मुलाजवळ सांगण्यासारखे काय आहे ते पाहू. राजवाडा सर्वांनाच सुचतो, म्हणून तो बाजूस ठेवू. (लक्ष्मीविलास १८९० साली पुरा झाला एवढे तरी किती जणांस सांगता येईल, हा वेगळा प्रश्न.) विश्वामित्री घ्या. भरवस्तीतून वाहणारी नदी आणि तिच्यात शेकडो मगरी, असे शहर जगात किती असतील? २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या आणि प्राणिमित्रांनी त्यांना दोराने बांधून उचलून नेले. हे या मुलांनी स्वतः पाहिले आहे, मोबाइलवर चित्रितही केले आहे. त्यात भूतकाळ आहे, भीती आहे, विनोद आहे, आणि ‘मगरींना हलवावे की माणसांनी काठ सोडावा’ हा चर्चेचा प्रश्नही आयता आहे. टिपणवहीत मगर नाही.

चांपानेर सुमारे पन्नास किलोमीटरवर. महंमद बेगड्याने १४८४ साली ते घेतले, राजधानी वसवली, आणि पुढे ते असे ओस पडले की रानाने मशिदी झाकून टाकल्या. वर पावागडावर कालिकामाता. खाली जामी मशिदीचे कोरीव मिनार. २००४ साली युनेस्कोने हे सारे जागतिक वारशात घेतले. ग्वाल्हेरच्या वाचकांस आणखी एक धागा आठवेल: हा पंचमहालचा मुलूख शिंद्यांचा होता आणि १८६१ साली तो इंग्रजांकडे गेला. नवरात्रात पावागडला पायी जाणारे बडोदेकर आजही आहेत. पायऱ्या, रोपवे, गर्दी, उन्हातले ताक, इतके सांगितले तरी दोन मिनिटे अपुरी पडतील. डभोईची हिरा भागोळ त्याहून जवळ. आणि रावपुऱ्यातील तांबेकर वाडा तर चालत जाण्याच्या अंतरावर. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर पुराणातील प्रसंगांशेजारी मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया रंगवलेल्या आहेत. इंग्रज परीक्षकास सांगण्यास याहून रसाळ विषय कोणता असेल? आमच्या परिचयातील महाविद्यालयीन मुलांना आम्ही विचारले. वाड्यावरून रोज जाणारे निघाले, आत गेलेला एकही निघाला नाही.

हे बडोद्यापुरते नाही. गोव्यातील मुलगा समुद्रकिनाऱ्यावर बोलून थांबतो, तांबडी सुर्लाचे महादेवमंदिर त्याला सुचत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात शून्य कोरलेला नवव्या शतकातील शिलालेख आहे, तो सोडून तेथील विद्यार्थी आयफेल मनोरा सांगतो. इंदूरकर निदान सराफ्यातील खाण्यावर बोलतात, एवढे त्यांचे कौतुक केले पाहिजे.

प्रवास पाहून सांगण्याची सवय आपल्या लोकांना नव्हती असेही नाही. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला आणि अजून वाचला जातो, कारण त्यात डोळ्यांनी पाहिलेले आहे. काका कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवीत होते. १९१२ मध्ये ते बंद पडल्यावर हिमालयात गेले आणि मराठी मातृभाषेच्या या माणसाने तो प्रवास गुजरातीत असा लिहिला की गुजरातीने त्यांस आपले म्हटले. भाषा परकी असली म्हणून पाहणे परके होत नाही, याचा याहून जवळचा दाखला कोणता द्यावा? खुद्द सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले ते तेथील ग्रंथालये पाहून आले, आणि १९१० साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणून त्यांनी संस्थानभर वाचनालये उभी केली. त्या प्रवासाचे वर्णन महाराजांनी ‘ब्रेथटेकिंग’ या एका शब्दात आटोपले असते, तर आम्ही आज कोणत्या वाचनालयात बसलो असतो?

चर्चेच्या पायरीवर पर्यटनाचे फायदे-तोटे विचारतात. तेथेही वहीतील साचा तयार: पर्यटनाने अर्थव्यवस्थेस चालना मिळते, रोजगार वाढतो, संस्कृतींची देवाणघेवाण होते. वास्तविक हा विषय आता चांगलाच तापलेला आहे. व्हेनिसने २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्यांवर पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसवले. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या रहिवाशांनी पर्यटकांवर खेळण्यातील पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. ज्या गोमंतकीय मुलाने आपल्या वाड्यातील विहीर आणि शेजारचे हॉटेल यांतील पाण्याचे भांडण ऐकले आहे, त्याला या विषयावर कोणाचे उत्तर उसने घेण्याची गरज काय?

वर्गांना दोष देणे सोपे आहे. ते विकले जाते तेच विकतात. आमचा खरा रोख घरांवर आहे. मुलाने परदेशी जावे म्हणून हजारो रुपये भरणाऱ्या आपल्या कुटुंबांत आजोबांना ‘नजरबाग कशी होती’ असे कोणी विचारीत नाही, आणि आजोबाही दूरदर्शनसंचासमोरून उठून ‘चल, दाखवतो’ म्हणत नाहीत. मग मुलगा सातासमुद्रापार जातो तेव्हा सहाध्यायी त्याला गावाविषयी विचारतात, आणि तेथेही तो ‘सीरीन’ म्हणतो. मुलाला वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. अकरा उत्तरे घोकण्यास जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात डभोईस जाऊन येता येते.

मंडळापुढे आमची सूचना अशी. महिन्यातील एका रविवारी परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींस घेऊन एकेका ठिकाणी जावे. आरंभ तांबेकर वाड्याने करावा. परत आल्यावर वाचनालयात प्रत्येकाने पाहिलेल्यावर आधी मराठीत, मग इंग्रजीत दोन मिनिटे बोलावे. घड्याळ लावावे, तयारीस एक मिनिट द्यावे, आणि श्रोत्यांतील ज्येष्ठांनी किमान दोन आडवे प्रश्न विचारावेत. इंग्रजीच्या चुका सुधारण्यास आपल्यात निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत. फी घेऊ नये. टिपणवही बाहेर ठेवावी.