तापलेल्या पायाला विश्रांती कोण देणार?

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग आहे, अशी एक जुनी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही अद्याप टिकून आहे. ती आता सोडून द्यावयास हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या २०१७ सालच्या निष्कर्षांत तर असे दिसले होते की, महाराष्ट्र, तामिळनाडू, चंडीगड यांसारख्या संपन्न राज्यांच्या शहरी भागांत हा रोग श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये अधिक आहे. म्हणजेच तो पेढीवरून उतरून हमालाच्या, रखवालदाराच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात केव्हाच शिरला आहे. आणि या माणसांचे सारे भांडवल म्हणजे त्यांचे दोन पाय!

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. पाय बधिर होतो. चपलेतला खडा टोचत नाही, कढत पाणी भाजत नाही. निरोगी माणूस दुखऱ्या जागेवरचा भार नकळत दुसरीकडे टाकतो, थोडा लंगडतो, आणि त्यामुळेच वाचतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर हजारो पावले टाकीत राहतो. आतले मांस चेचले जाते, तेथे दाह होतो, कातडी फुटते, जखम चिघळते. आणि बोटापासून सुरू झालेली शस्त्रक्रिया पुष्कळदा गुडघ्यापर्यंत जाऊन थांबते. वेदना हा शाप नसून पहारेकरी आहे, हे तो पहारेकरी निघून गेल्यावरच कळते.

हे ज्ञान परदेशातून आयात झालेले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा अभ्यास करून दाखवून दिले की, त्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या इजांनी ती नष्ट होतात. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी याच विचाराची जोड कातडीच्या तापमानाला दिली. जखम डोळ्यांना दिसण्यापूर्वी ती जागा तापते. मग गेलेल्या वेदनेचे काम उष्णतेकडून का करून घेऊ नये? कुष्ठरुग्णांच्या सेवेतून निघालेला हा धागा आज मधुमेहींच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

त्याची रीत अगदी सोपी आहे. तापमापकाने रोज दोन्ही तळपायांवरील ठरावीक सहा जागा मोजावयाच्या आणि डाव्याची उजव्याशी तुलना करावयाची. फरक २.२ अंश सेल्सियसहून अधिक असेल आणि तो दुसऱ्या दिवशीही टिकला, तर चालणे कमी करून दवाखाना गाठावयाचा. अमेरिकेत पूर्वी जखम होऊन गेलेल्या १७३ रुग्णांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २९.३ टक्के लोकांना पुन्हा जखम झाली. घरी तापमान मोजणाऱ्यांत हे प्रमाण ८.५ टक्के होते. त्यानंतर तेथे अशी एक चटई निघाली की जिच्यावर क्षणभर उभे राहिले म्हणजे दोन्ही पायांचे तापमान आपोआप नोंदले जाऊन दूर पाठवले जाते. २०१७ सालच्या अभ्यासात या चटईने ९७ टक्के जखमांची सूचना सरासरी ३७ दिवस आधी दिली. अर्थात, जखम होणार नसतानाही इशारा देण्याचे प्रमाण त्यात बरेच मोठे होते. शिवाय अचानक घुसणारा खिळा किंवा काटा कोणतीही चटई आधी सांगू शकत नाही. एक पाय आधीच गमावलेल्याला तुलना करावयास दुसरा पायच नसतो. या मर्यादा मान्य करूनही हे साधन मौल्यवान आहे, यात शंका नाही.

परंतु खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. नेदरलँड्समध्ये ३०४ रुग्णांवर झालेला असाच एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ तापमान मोजल्याने जखमांत निर्णायक घट दिसली नाही. मात्र पाय तापल्याचे कळताच ज्यांनी खरोखर चालणे कमी केले, त्यांना जखमा स्पष्टपणे कमी झाल्या. याचा अर्थ उघड आहे. पाय तापमापकाने वाचत नाही, विश्रांतीने वाचतो. तापमापक एवढेच सांगतो की विश्रांतीची वेळ झाली.

आता हा निष्कर्ष आपल्याकडच्या माणसाला लावून पाहा. बाजारसमितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला तापमापकाने सांगितले की चार दिवस चालू नकोस. तर त्या चार दिवसांची चूल कशावर पेटेल? मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या ऊसतोड मजुराने कोयता खाली ठेवला, तर मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचा दंड बसतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळण्याची तरतूद आहे. पण असंघटित श्रमिकांचा प्रचंड समुदाय या छत्राबाहेर उभा आहे. ज्याला रजा नाही त्याच्या हाती इशाऱ्याचे यंत्र देणे म्हणजे आग लागल्याची घंटा बसवून दार बाहेरून बंद करण्यासारखे आहे.

यावर आपल्यातील काहीजण म्हणतील की, मग ही यंत्रे म्हणजे सुखवस्तूंची खेळणी आहेत. आपण रजा आणि मजुरीसाठी लढावे, हेच बरे. हा युक्तिवाद मला मान्य नाही. पाय कापला गेल्यावर मिळालेली रजा काय कामाची? इशारा आणि विश्रांती या दोन्ही गोष्टी एकदमच मागितल्या पाहिजेत. शिवाय साधे साधन दुर्मीळ नाही. २०२० च्या साथीत प्रत्येक कारखान्याच्या दारात माणसांच्या कपाळावर रोखलेले तापमापक आज कपाटांत धूळ खात पडले आहेत. त्यांपैकी पुष्कळांत शरीराऐवजी पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची सोय असते, आणि येथे प्रश्न अचूक आकड्याचा नसून दोन पायांतील फरकाचा आहे. तेव्हा महागड्या चटईची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढच्या पिढीची साधने मात्र सार्वजनिक संशोधनातून निघाली पाहिजेत. पेनिसिलिनसाठी १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना उभारणाऱ्या देशाला ते अशक्य नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पायावरचा दाब विभागणारी चप्पल तयार होऊ शकते, तर उघड्या आराखड्याचा स्वस्त तापमापकही होऊ शकेल. गरिबाच्या पायाची रोजची नोंद ही कोणा कंपनीची मालमत्ता होता कामा नये.

कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात मधुमेहींच्या पायांची तपासणी व्हावी आणि बधिर पाय असलेल्यांना तापमापक व मऊ तळव्याची पादत्राणे विनामूल्य मिळावीत. दुसरी, आशा सेविकांवर हे काम सोपवावयाचे तर त्याचा स्वतंत्र मोबदला द्यावा. फुकटच्या श्रमावर कोणतीही योजना उभी राहू नये. तिसरी, तापलेला पाय हे आजाराच्या रजेचे आणि हलक्या कामाचे वैध कारण मानले जावे. चौथी, १९६९ च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांनी मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून अशा विश्रांतीच्या दिवसांची मजुरी द्यावी, आणि ऊसतोड मजुरांसाठी साखर कारखान्यांवर असेच दायित्व टाकावे.

साथींनो, हमालाच्या घामाचे मोल मागण्यासाठी आपण मोर्चे काढले. त्याच हमालाचा पाय आज मुकाट्याने तापतो आहे, आणि त्याला स्वतःला त्याची जाणीवही नाही. ती जाणीव करून देणे हे विज्ञानाचे काम आहे आणि ते विज्ञानाने बरेचसे केले आहे. त्याला चार दिवस निर्धास्तपणे बसता येईल अशी व्यवस्था निर्माण करणे हे राजकारणाचे काम आहे. ते अजून व्हावयाचे आहे.