गाडीवाचून भ्रमंती

सांता क्लारात नव्याने आलेल्या माणसाला आपल्या मंडळींकडून पहिले दोन प्रश्न हमखास विचारले जातात : घर कुठे घेतले आणि गाडी कोणती घेतली? दुसऱ्या प्रश्नाला ‘अजून घेतली नाही’ असे उत्तर आले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी सहानुभूती उमटते. ज्याच्यापाशी गाडी नाही त्याने शनिवार-रविवार खोलीत काढावेत, डोंगर, समुद्र आणि रेडवुडची अरण्ये ही गाडीवाल्यांची मिरास आहे, आणि कुणी नेले तरच तिथे जावे, असा एक समज आपल्यांतही घट्ट बसला आहे. त्यातून एकट्याने जाणे म्हणजे तर काहीतरी बिनसल्याचे लक्षण! या समजाला आमचा विरोध आहे. विरोधाचे एक कारण पैशाचे आहे, पण ते सर्वांत लहान. मोठी कारणे आपल्या इतिहासातली आहेत, आणि म्हणूनच हा विषय या अंकात मांडावासा वाटला.

बाबासाहेबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. जे थोडे आत्मपर लेखन मागे ठेवले, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आपल्या पिढीला हे शीर्षक पहिल्यांदा वाचताना हसू येते. ते हसू पहिल्या पानावरच मावळते. या लहानशा पुस्तकातील बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी बऱ्याच अंशी प्रवासाच्या आहेत, आणि त्यांतल्या दोन आठवणींत प्रश्न अगदी शब्दशः एकच आहे : गाडी कोणी हाकायची?

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. जात कळताच बैलगाडीवाले मागे सरले. शेवटी एक जण दुप्पट भाड्याने तयार झाला, पण या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, तो बाजूने पायी चालेल. भाडे द्यायचे, गाडीही आपणच हाकायची आणि वर गाडीवानाचे उपकार मानायचे, असा तो व्यवहार होता.

दुसरी आठवण १९२९ ची, चाळीसगावची. बाबासाहेब तेव्हा परदेशी पदव्या घेतलेले बॅरिस्टर आणि मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य होते. स्टेशनावर न्यायला आलेल्या महार बांधवांना एकही टांगेवाला मिळेना. अस्पृश्याचा टांगा हाकणे कोणालाच मान्य नव्हते. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी यावे हे मंडळींना बरे दिसेना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला, त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासह नदीत कोसळला. पाय मोडला, आणखीही दुखापती झाल्या. पाहुण्याचा मान राखण्याच्या धडपडीत पाहुण्याचाच जीव जायचा, ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे.

चाळीसगावच्या त्या बांधवांना दोष देण्याचे आमच्या मनात येत नाही. अपमानाने वेढलेल्या माणसांना वाहनात मान दिसतो, यात नवल नाही. पण जवळपास शंभर वर्षांनंतर, सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणारा आमच्यातला एखादा तरुण बसने गेलो तर लोक काय म्हणतील या धाकाने कर्ज काढून मोठी गाडी घेतो, तेव्हा तो पाय कुठे मोडला होता हे आठवावेसे वाटते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२४ च्या हिशेबानुसार नवी गाडी बाळगण्याचा सरासरी खर्च वर्षाला १२,००० डॉलरांच्या वर जातो. गावाकडे भावाचे घर आणि बहिणीचे शिक्षण याच पगारातून चालवणाऱ्याने हा आकडा निदान एकदा कागदावर मांडून पाहावा.

त्याच पुस्तकातील दौलताबादची आठवण तर सहलीचीच आहे. १९३४ साली चळवळीतील कार्यकर्त्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचे त्यात घातले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी दाराजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले आणि पाणी बाटले म्हणून गहजब झाला. पुढे किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत दिलेल्या शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात. सृष्टिसौंदर्य पाहायला निघालेल्या माणसाच्या मागे शिपाई चालतो आहे, हे चित्र आपल्या प्रवासवर्णनांचे पहिले पान आहे असे आम्ही मानतो. मराठीत प्रवासवर्णने उदंड झाली. त्यांतल्या किती लेखकांना पाण्यापाशी थबकावे लागले असेल?

म्हणूनच ‘रम्य ग्रामीण परिसर’ हे शब्द आपल्या कानाला वेगळे लागतात. खेड्याच्या गोडव्यांना बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वच्छ नकार दिला होता. आमच्या आजीला डोंगर ठाऊक होता तो मोळीसाठी, नदी ठाऊक होती ती गावाच्या खालच्या अंगाची. कामावाचून टेकडीवर बसून राहणे ही चैन तिच्या वाट्याला आली नाही. आपली माणसे प्रवास करीत नव्हती असे मात्र नाही. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, भीमा कोरेगाव या वाटांवर एसटीच्या लाल गाड्यांतून आणि रेल्वेच्या तुडुंब डब्यांतून, भाकरी बांधून, फलाटावर झोपून, आपल्या आयाबहिणींनी जेवढा प्रवास केला तेवढा क्वचितच कोणत्या समाजाने केला असेल. स्वस्तात आणि गाडीवाचून कसे हिंडावे हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरजच नाही. शिकायचे आहे ते एवढेच, की अभिवादनाखेरीज, नुसते पाहण्यासाठीही निघता येते आणि एकट्याने निघता येते. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेस पाठवताना एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले होते. त्यांचे प्रयोजन मोठे होते, आपले छोटे आहे, पण एकट्याच्या वाटेला आपल्या परंपरेत कमीपणा नाही.

यावर कुणी म्हणेल, मित्रांच्या गाडीतून का जाऊ नये? जावे, मित्र असतील तर अवश्य जावे. आमचा आक्षेप त्या दुसऱ्या प्रकारावर आहे, जिथे ओळखीच्या ओळखीने चार-पाच मराठी माणसे एका गाडीत जमतात. आम्ही अशा एका सहलीला गेलो होतो. गिलरॉय येईपर्यंत आडनावाची चौकशी झाली, ते नीटसे उलगडले नाही म्हणून मूळ गाव विचारले गेले, मग शाकाहार, आणि मग कोणाच्या तरी भावाची आरक्षणामुळे हुकलेली जागा. हमरस्त्यावर पासष्ट मैलांच्या वेगात उतरता येत नाही. परतीचा रस्ता ज्याच्या हातात, त्याच्या विनोदाला हसावेच लागते. कॅलिफोर्नियात २०२३ साली जातिभेदाविरुद्धचे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि राज्यपालांनी ते सहीविना परत पाठवले. इथे जात नाहीच, असे सांगणाऱ्यांना आम्ही त्या गाडीच्या मागच्या आसनावर बसवू इच्छितो. बसचालक तिकीट पाहतो, आडनाव पाहत नाही. उतरायचे असेल तर खिडकीजवळची दोरी ओढायची, पुढच्या थांब्यावर बस उभी राहते. हा फरक ज्याला क्षुल्लक वाटतो, त्याला मसूर स्टेशन कधी लागलेले नसते.

आता प्रत्यक्ष वाटांविषयी. सांता क्लाराच्या कॅलट्रेन स्थानकावरून सॅन होजेचे डिरिडन स्थानक अगदी जवळ आहे. तिथून महामार्ग १७ वरची एक्सप्रेस बस डोंगर ओलांडून सांताक्रुझला जाते, शनिवार-रविवारीही. हा रस्ता वळणांचा आणि घाटाचा आहे, स्वतः गाडी चालवणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही, कारण त्याची नजर पुढच्या गाडीच्या दिव्यांवर खिळलेली असते. सांताक्रुझला बस बदलून फेल्टन गाठावे. तिथे हेन्री काउएल उद्यानातील जुन्या रेडवुडची राई आहे, वाट सपाट आहे, वृद्धांनाही झेपते. तिथल्या सर्वांत जुन्या वृक्षांचे वय सुमारे १,५०० वर्षे सांगतात. म्हणजे अजिंठ्याची नंतरच्या काळातील लेणी कोरली जात होती, साधारण त्या सुमारास ही रोपटी रुजली असतील. त्या खोडाला पाठ टेकून डबा खाताना आम्हांला हा हिशेब दर वेळी सुचतो आणि दर वेळी जेवण थांबते.

टेकड्या पाहायच्या असतील तर ऋतूचा उलटा हिशेब ध्यानात ठेवावा. सह्याद्री आषाढ-श्रावणात हिरवा होतो, इथल्या टेकड्या जानेवारी ते मार्च हिरव्या असतात आणि उन्हाळ्यात वाळक्या गवताच्या रंगाच्या. ग्रेट अमेरिका स्थानकावरून जाणारी एस ही गाडी नाइल्सच्या दरीतून आणि आल्टामाँटच्या पवनचक्क्यांजवळून स्टॉकटनला जाते. तिचा दिनक्रम मात्र कामगारांचा आहे : सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे, तीही कामाच्या दिवशी. या खोऱ्यात घर परवडत नाही म्हणून डोंगरापलीकडे राहणारी माणसे तिच्यात पेंगत असतात. प्रेक्षणीय म्हणून त्या गाडीत बसणाऱ्याने आवाज कमी ठेवावा.

योसेमिटीलाही गाडी लागत नाही. अ‍ॅमट्रॅकने, वाटेत गाडी बदलून, मर्सेड गाठायचे आणि तिथून यार्ट्सची बस घ्यायची. ती महामार्ग १४० ने मारिपोसा मागे टाकून मर्सेड नदीच्या काठाकाठाने थेट दरीत नेते, आणि दरीत फिरण्यासाठी विनामूल्य बस आहे. एका दिवसाचा हा खेळ नव्हे, मुक्काम धरूनच निघावे. त्या दरीचेही एक गावकुसाबाहेरचे प्रकरण आहे. तिथल्या मूळ आवानीची लोकांना १८५१ साली मारिपोसा बटालियनने हुसकावून लावले. १८९९, १९०३ आणि १९०४ साली त्याच उद्यानाची राखण अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांनी केली. १९०३ मध्ये शेजारच्या सेकोया उद्यानाचे प्रभारी अधीक्षक कॅप्टन चार्ल्स यंग होते, गुलामीत जन्मलेला माणूस! महार पलटणीचा वारसा सांगणाऱ्या घरांतील मुलांना ही नावे ठाऊक असायला हवीत.

आमच्या म्हणण्याची दुसरी बाजूही याच देशाच्या इतिहासात आहे. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५ च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा बस हेच अपमानाचे ठिकाण होते आणि शेजाऱ्याची मोटार हा आधार. मोटारीने निघालेल्यांनाही कुठे थांबता येईल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून तीसेक वर्षे छापावे लागले. तेव्हा मोटार वाईट आणि बस पवित्र, असला भाबडेपणा आम्ही करणार नाही. आडगावच्या थांब्यावर अंधार पडताना एकटे उभे राहिलेल्या सावळ्या माणसाला, त्यातही बाईला, काय वाटते हे आम्ही जाणतो. शेवटची बस चुकली तर पुढे काय, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवलेला असावा. परतीच्या दोन वेळा कागदावर लिहून घ्याव्यात, कारण डोंगरात फोनला संकेत मिळत नाही. शेवटच्या बसच्या भरवशावर कधीच राहू नये, तिच्या आधीची धरावी.

हे सारे आम्ही तरुणांपेक्षाही ज्यांच्यासाठी लिहीत आहोत, ते म्हणजे आपल्याकडे सहा महिने राहायला येणारे आईवडील. जी आई एकटीने एसटी बदलत नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येते, ती सांता क्लारात मुलाची शनिवारची सुट्टी उजाडण्याची वाट पाहत सदनिकेत बसते. तिला परवाना नाही, म्हणून तिचे पायच नाहीत असे आपण धरून चालतो. खरे म्हणजे पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना इथल्या बस आणि कॅलट्रेनमध्ये सवलतीचे भाडे आहे. एल कमिनोवरची २२ क्रमांकाची बस कशी धरायची, क्लिपर कार्ड कुठे टेकवायचे, दोरी कधी ओढायची हे तिला एका दुपारी शिकवता येते. इंग्रजी येत नाही ही सबब आम्हांला मान्य नाही. मुंबईच्या लोकलमध्ये चढताना तिला कोणी व्याकरण विचारले होते?

आणि एक गाऱ्हाणे आपल्याच मंडळांकडे. बुद्धपौर्णिमा असो वा १४ एप्रिल, आपल्या कार्यक्रमांची सभागृहे अशा ठिकाणी घेतली जातात जिथे रविवारी बस पोहोचत नाही. निमंत्रणपत्रिकेवर पार्किंगची माहिती ठळक अक्षरांत असते, जवळचा थांबा कोणता, स्थानकापासून पायी किती मिनिटे, परतीची बस किती वाजता, यांतले एक अक्षर नसते. नवा विद्यार्थी, नोकरी गेलेला बांधव, घरी थांबलेली आई, यांना मग कोणीतरी ‘राइड’ द्यावी लागते आणि ती मागायला संकोचणारे येतच नाहीत. पुढच्या पत्रिकेत पार्किंगच्या ओळीच्या वर थांब्याची ओळ छापावी, आणि सभागृह ठरवणाऱ्या समितीतील एकाने तरी आधी तिथे बसने जाऊन यावे.